काळा साधू

"माझ्या आईला रोज बाबा दिसतात," खुर्चीत बसता बसताच मुलगी म्हणाली. "बाबांना जाऊन वर्ष झालं. आता आई फोटो स्टुडिओ काकांच्या हवाली करायला निघालीय. हे काकांचंच कारस्थान आहे. मावशी, तुम्ही तिला पटवून द्या."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. शेजारी बसलेले निवृत्त हवालदार मात्र आरोपी ठरवून मोकळे झाले होते.

"काकाच!"

"अहो, आधी चहा तरी संपवा."

स्टुडिओच्या दारातच मालकांचा, म्हणजे मुलीच्या वडिलांचा, मोठा फोटो होता. गोरा चेहरा, काळी दाढी, डाव्या कानावर पांढरी बट.

वरच्या खोलीत आई बसल्या होत्या. एका बाजूला मोकळी पांढरी भिंत. समोर लाकडी चौकटीत डिंकानं चिकटवलेली काच आणि तिच्यामागे दिवा. काचेवर साधू होता: काळा चेहरा, पांढरी दाढी, कानावर एक काळी बट, नाकावर शाईचा ठिपका.

"भाऊजींनी पोरीच्या हाती पाठवली," आई म्हणाल्या. "निरोप होता, कुणाशी बोलायचं नाही, त्यांच्याशीसुद्धा. नाहीतर दर्शन थांबेल. पोरगी म्हणाली, तुम्हाला सांगितलं तर चालेल. ठिपक्यावर नजर लावून प्रार्थना करायची. मग भिंतीकडे पाहिलं की हे दिसतात. नजर फिरवली की सोबत सरकतात. पुसट झाले तर पापणी लवताच परत येतात."

"बोलतात?"

"जिवंतपणी तरी कुठे बोलायचे!" आई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. "मीच बोलते. फक्त बट आता उजव्या कानावर असते. पोरगी म्हणाली, तिकडे गेल्यावर माणूस बदलतो."

मुलगी दाराशी उभी होती.

"खाली फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत कधी जाता?" मावशींनी आईंना विचारलं.

"छे, तिथल्या वासानं डोकं उठतं."

मावशी खाली उतरल्या तेव्हा काका त्याच खोलीत काचेवरून फोटो छापत होते.

"साधू? मी काही पाठवलं नाही. वहिनी महिनाभर माझ्याशी बोलत नाहीत, तेच कळेना."

बोलता बोलता त्यांनी न बघता काचेवर अंगठा फिरवला आणि काच उलटी केली.

"हे काय केलंत?"

"फोटोचा थर असलेली खरखरीत बाजू चाचपली. ती आपल्याकडे आली की डाव्याचं उजवं होतं. आता बोटांनाच कळतं. पुतणीला शिकवायला गेलो होतो, पण तिला भारी घाई."

मावशींनी सगळ्यांना वर बोलावलं आणि आपला लाल बटवा उंच धरला.

"हवालदार, याच्याकडे टक लावा. पापणी हलवू नका... आता भिंतीकडे बघा."

"अरेच्चा! हिरवट बटवा!"

"डोळा एकाच जागी खिळला की थकतो आणि मग उलटं दाखवतो. लालाचं हिरवं, काळ्याचं पांढरं." मावशी आईंजवळ बसल्या. "ताई, हा साधू नाही. छापण्याआधीची फोटोची काच आहे, तुमच्या यजमानांची. काचेवर काळं ते पांढरं असतं, भिंतीवर तुमचे डोळे ते सुलट करत होते. पुसट डागांत जीव भरला तो तुमच्या मनानं. ज्याची वाट बघावी तोच दिसतो. यात वेडेपणा काही नाही."

"म्हणजे काकाच!" मुलगी म्हणाली. "अशा काचा त्यांच्याकडेच असतात."

"तसं ठरावं म्हणून तर मला बोलावलंस. पण बट उजवीकडे गेली. ताई, बोट फिरवून बघा."

आईंनी काचेवर बोट फिरवलं. "खरखरीत लागतंय."

"म्हणजे काच उलटी बसवलीय. ही चूक तुमचे दीर झोपेतही करणार नाहीत. आणि काच काय, निरोप काय, आले एकीच्याच हातून."

मुलीचा चेहरा उतरला. "तू सगळं त्यांना देणार होतीस, आई. तुझा त्यांच्यावरचा विश्वास उडावा, एवढंच..."

आईंनी चौकट फिरवली. बराच वेळ ठिपक्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"आली बट डावीकडे," त्या पुटपुटल्या. नजर भिंतीवरच होती. "महिनाभर मी यांच्याशी बोलले. कुणालाही न सांगितलेलं बोलले. तू दाराशी उभी राहून ऐकायचीस ना गं? एकदाही आत येऊन दिवा विझवावासा वाटला नाही?"

मुलगी दिव्याकडे वळली.

"भाऊजी, स्टुडिओची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या," आई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच दिवा विझवला.