कच्चा लेअर

सुजयशी माझी ओळख भांडणातून झाली. चूक माझी होती, पण हे मी अजून कुणाजवळ कबूल केलेलं नाही.

मे महिन्यात मी माझं पहिलंवहिलं डिझाइन घेऊन रत्नागिरीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलानं फाईल उघडली, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या समुद्रावर टेकवली.

"हा निळा फ्लेक्सवर असा उतरायचा नाय. जांभळा येईल."

"छापून तर बघ!"

छापलं. आमच्या काळबादेवी गावचा समुद्र वांग्याच्या रंगाचा होऊन बाहेर आला. तो हसला नाही... हसला असता तर निदान मला रागावून निघून जाता आलं असतं. "बस इथं," एवढंच म्हणाला, "रंग बदलूया."

तेव्हापासून मी तिथं बसतेच आहे. लॅपटॉप, पेन-टॅब आणि पाण्याची बाटली घेऊन, आठवड्यातून तीन दिवस. घरी सांगायचं, काम शिकते आहे. ते खोटंही नव्हतं.

"एकच ब्रश काय घासत बसतेस गो?" सुजय म्हणायचा. "दोनशे आहेत या सॉफ्टवेअरमध्ये. जरा हात फिरव."

मग तो पाठीमागच्या टेबलावरून ब्रशचं नाव सांगायचा आणि मी फिरवून बघायचे. कोळसा, शाई, पाण्यात भिजल्यासारखा पसरणारा जलरंग, केसांचे ओरखडे उमटवणारा तैलरंग. प्रत्येक डिझाइनच्या फाईलमध्ये अशा प्रयोगांसाठी मी सगळ्यात वर एक वेगळा लेअर, पारदर्शक कागदासारखा थर, ठेवायचे. त्याला 'कच्चा' नाव द्यायचं, त्यात हवा तो धुडगूस घालायचा आणि फाईल देताना त्याच्या नावापुढचं डोळ्याचं बटण बंद करायचं, म्हणजे तो छापला जात नाही.

आता ब्रश बघायचा तर काहीतरी काढावं लागतंच. शहाणी माणसं आंबा काढतात. मी सुजय काढायचे.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी आमच्या मंडळाच्या फ्लेक्सची फाईल दुपारी बारा वाजता त्याला पाठवली. आयत्या वेळी नावं बदलावी लागतात, म्हणून सगळ्या लेअरसकट पाठवली. तीनच्या सुमारास सहज ती पुन्हा उघडली.

'कच्चा'चा डोळा उघडा होता.

पाठवण्याआधी मी तो उघडला होता... एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून. तेवढ्यात आप्पांचा फोन आला, "फ्लेक्स पाठवलास काय गो?" आणि मी घाईघाईत पाठवून मोकळी झाले. आमचे आप्पा, माझे वडील, मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे खाली होड्या, कोपऱ्यात हात जोडून उभे आप्पा, आणि वर आभाळभर अकरा सुजय! बारा फुटी फ्लेक्स. संध्याकाळी पाचला जेटीवर लागणार. सगळं गाव बघणार.

आणि गावाआधी तो बघणार. गावाला मी तोंड दिलं असतं एक वेळ. पण त्यानं ते बघून नुसतं "बरं" म्हटलं असतं, तर मी पुन्हा त्या खुर्चीत कुठल्या तोंडानं बसणार होते?

फोन लावला. वाजत राहिला. छपाई चालू असली की तो फोन ड्रॉवरमध्ये टाकतो, हे मलाच ठाऊक होतं. स्कूटी काढली. साखरतरच्या पुलावर बारीक सर आली, चष्म्यावर थेंब साचले, पुसायला कोण थांबतंय? एरवी जरा वारा सुटला की जाणारी लाईट आज तरी जाऊ दे, असं मी देवीला सांगत होते. देवी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. दुकानात शिरले तर दिवे लख्ख आणि काचेच्या खोलीत मशीन चालू.

फ्लेक्स हळूहळू बाहेर सरकत होता. आधी आभाळ येत होतं. मी काचेला नाक लावलं...

आभाळ स्वच्छ होतं. एकही सुजय नाही.

जीव भांड्यात पडला, आणि तिथून लगेच उडाला. डोळा आपोआप बंद होत नाही. ज्यानं तो बंद केला, त्यानं सगळं बघितलं होतं.

"पाणी पी आधी," सुजय म्हणाला. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"सुजय, ते... मी नुसते ब्रश बघत होते."

"हां."

"हात बसायला कायतरी काढायला लागतंच ना!"

"लागतं ना." तो वळला. चेहरा कोरा. "अकरा वेळा?"

मोजलेही होते त्यानं.

"शाईतलं नाक मोठं आलंय," तो म्हणाला.

"तुझं आहेच मोठं!"

"ते असू दे. पण तीळ चुकलाय." त्यानं आपल्या उजव्या गालावर बोट ठेवलं. "माझा इथं आहे. तू अकराच्या अकरा वेळा डाव्या गालावर काढलायस. दुपारपासून मी विचार करतोय, असं कसं झालं? मग कळलं. तू मला समोरून बघितलंच नाहीस कधी. ह्या काचेत बघत होतीस."

माझी खुर्ची त्या काचेसमोर. त्याचं टेबल माझ्या पाठीमागे. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि अशा वेळी मला रडू येत नाही, राग येतो.

"हो, बघत होते! रोज बघत होते. आवडतोस तू मला. आता हसायचं तर हास एकदाचा, म्हणजे मी जाते!"

तो हसला नाही. त्या पहिल्या दिवसासारखाच.

"सलोनी... काचेत मी तुला दिसायचो ना?"

"सांगितलं ना आत्ता!"

"मग त्याच काचेत तू मला दिसत नसशील काय गो?"

मला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावरही पटेना.

"खोटं! मी बघायचे तेव्हा तुझी मान खाली असायची."

"तुझी खाली गेली की माझी वर यायची," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मे महिन्यापासून. मानेला रग लागली माझ्या."

मग त्यानं आपली खुर्ची ओढली, काचेकडे पाठ करून माझ्या अगदी समोर ठेवली आणि बसला.

"बारावा काढ. असा बघून."

"हलू नकोस मग."

"नाय हलत."

बॅगेत फोन वाजू लागला. आप्पाच असणार. फ्लेक्सचं आभाळ संपून होड्या यायला लागल्या होत्या. मी नवा लेअर घेतला. दोनशे ब्रशमधली साधी पेन्सिल निवडली.

सगळ्यात आधी मी तीळ काढला. उजव्या गालावर.