घरनाडी

“ऊन फुकट असतं गं, राखण महाग पडते!”

चाळीस वर्षांपूर्वी आईनं गच्चीवरून दिलेली ही हाक कौसल्येच्या कानात अजून तशीच होती. तेव्हा राखण म्हणजे वाळवणापाशी काठी घेऊन बसायचं आणि चिमण्या हाकायच्या. आता बार्शीच्या गच्च्यांवर चिमण्यांनी चोच मारावी असं फारसं काही उरलं नव्हतं. सोलरची निळी पॅनेलं उन्हाकडे तोंड करून पडलेली असत, आणि कुणाच्या छपरावर किती, हे येणारेजाणारे मान वर करून मोजत. ज्या घराला मागितल्यापेक्षा कमी मिळाली, तिथं शेजारणी पदराखाली खिरीची वाटी झाकून जात. विचारत काही नसत.

कौसल्या आणि भानुदास कुरडया करून विकत. दोघांनी आठ पॅनेलं मागितली होती. हट्ट भानुदासचाच. नसीम मुजावर याच गल्लीत वाढलेली पोर, आता वीज संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. ती अंदाजपत्रक घेऊन आली, तर त्यात तीनच.

“तीन? अगं, तिनात आमची गहू वाटायची मोटर तरी फिरेल का?”

“उरलेला जोर मी लावतो की,” भानुदास म्हणाला. “कधीपासून टोमणे ऐकतोय, बसून खातो म्हणून.”

नसीम हसली नाही.

“मावशी, पूर्वी उरलेली वीज विकता यायची. आता दुपारी सगळ्यांकडंच उरते, तिला कवडी कुणी देत नाही. पॅनेलचे पैसे फिटतात ते घरातल्या वापरातून. आठांना तीन लाख. तुम्ही दोघं असाच धंदा करत राहिलात तर साडेचार वर्षांत वसूल, पुढं वीस वर्षं वीज फुकट.”

“मग अडलं कुठं?”

“तेवढा वापर टिकेल का, ते घरनाडी बघते. त्यावर अनुदान ठरतं.”

वैद्य मनगट धरतो, तशी घरनाडी घराची तार धरते. पंखा, गिझर, मोटर, प्रत्येकाची वीज ओढायची चाल वेगळी. मीटर वर्षभर ती चाल क्षणोक्षणी ऐकतं, लाखो घरांशी ताडून पाहतं आणि पुढच्या पंचवीस वर्षांचा वापर सांगतं. सरकारचा पैसा वाया जाऊ नये, एवढाच हेतू होता. पण वीज वापरतात माणसं. विजेचा अंदाज बांधता बांधता यंत्र माणसांचाही बांधू लागलं.

“तुमच्या घरात तिसऱ्या वर्षापासून एकाच माणसाचा वापर धरलाय,” नसीम खाली बघत म्हणाली.

“कोण एक?”

“ते सांगायची परवानगी नाही, मावशी.”

“तुझ्या अम्मीच्या बाळंतपणात चाळीस दिवस डबा मी दिलाय. माझ्याकडं बघून बोल.”

नसीमनं कागद फिरवून तिच्यापुढं सरकवला. त्यावर मोटरची रेघ होती. भिजलेले गहू वाटून चीक काढायचा, तर गेल्या उन्हाळ्यात मोटर वीस मिनिटं सलग चाले. यंदा रेघ पाच ठिकाणी तुटलेली होती.

“एवढंच होय!” कौसल्येला हायसं वाटलं. “अगं, मोटर म्हातारी झाली. मी वर कुरडया घालत असते, खाली हे गहू ओतत असतात; मधेच आवाज थांबलेला मला ऐकू येतो. हे म्हणतात, तापते. नवी घेऊ. मग तर आठ मिळतील?”

“मोटर बिघडली की तारेवर वेगळं दिसतं, मावशी. ही कुणीतरी हातानं बंद केलीय. पाचही वेळा.”

कौसल्येनं नवऱ्याकडं पाहिलं.

“अहो, सांगा ना हिला. तापते म्हणून बंद करता ना?”

“मोटर धडधाकट आहे, कौसे,” भानुदास म्हणाला. “दम मला लागतो. संक्रांतीला सोलापूरला मोटरचा पट्टा आणायला म्हणून गेलो, तो दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर दोन वर्षं म्हणाले. माझ्यामागं तुला बिल तरी येऊ नये, एवढंच बघत होतो.”