फाटकापाशी थांबणारी गाडी

लाईट गेलीच आहे तर बसा जराशा. कंदिलाची काच पुसते, चहा टाकते आणि तोवर आमच्या घरातल्या गाडीची गोष्ट सांगते. भ्यायचं काही कारण नाही. म्हणजे... मी भ्याले होते. पण पुढं पुढं हसूही आलं.

लग्नानंतरच्या माझ्या दुसऱ्या महालक्ष्म्या होत्या. माहेर पुसेगावचं, सासर हे वसमतचं. दोन-तीन दिवस आधी सकाळी सासूबाईंनी मला सॉ-मिलवर भुसा आणायला पाठवलं. भुसा हिरव्या रंगात कालवला की शेत होतं आणि पिवळ्यात कालवला की वाळत घातलेली हळद होते. आपल्याकडं महालक्ष्म्यांपुढं देखावा मांडायची हौस तुम्हाला ठाऊकच आहे. बाया आधी देखावा बघतात, मग देवीला हात जोडतात. त्या वर्षीचा आमचा देखावा रेल्वेचा होता.

त्याला कारण माझे सासरे, संतराममामा. कुरुंद्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं, तिथं त्यांनी गेटमन म्हणून उभी हयात काढली. मोठी लाईन टाकायची म्हणून मीटरगेजची गाडी बंद झाली, रूळ उखडले, आणि त्याच सुमारास मामाही रिटायर झाले. तेव्हापासून माणूस बोलेनासाच झाला. जेवायला बोलावलं की यायचे, चहा दिला की घ्यायचे आणि पुन्हा ओट्यावर जाऊन रस्त्याकडं बघत बसायचे.

"यांना कशात तरी गुंतवलं पाहिजे," असं म्हणत माझे मालक सोमेश्वर पुण्याहून दोन खोकी घेऊन आले. त्यांच्या कंपनीतला जर्मन साहेब आपल्या देशी परत निघाला होता. जाताना त्यानं यांना दोन वस्तू दिल्या. एक खेळण्यातली आगगाडी, रूळ-डबे-इंजिनासकट. दुसरं म्हणजे त्याच्या बंगल्यातले दिवे-पंखे बसल्या जागी चालवायचे पांढरे डबे, साबणाच्या वडीएवढे. डबा सॉकेटात खोचायचा, डब्यात पिन लावायची. रिमोटवरचा आकडा दाबला की निरोप घरातल्याच वायरींमधून जातो आणि डबा 'टक्' करून चालू होतो. एक दाबलं की स्टेशनचे दिवे, दोन दाबलं की गाडी, तीन दाबलं की फाटकाचा लाल सिग्नल लागायचा आणि गाडी तिथं थांबायची.

मामा आधी लांबूनच बघत होते. मग हळूच येऊन यांच्या हातातलं फाटक त्यांनी काढून घेतलं. "आसं नसतं रं. दांडी हिकडून पडती." तिथं जे बसले ते दोन दिवस उठलेच नाहीत. काड्यापेटीच्या काड्यांचं फाटक, पुठ्ठ्याची गेटमनची खोली, ह्या टोकाला वसमतचं स्टेशन, त्या टोकाला हिंगोलीचं. सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाल्या, "प्रतिक्षा, आईक... तुजे मामा शिट्टी वाजवून राहिले!" खरंच, तोंडानं इंजिनाची शिट्टी चालली होती. आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो.

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी मी रिमोट घेऊन दाराआड बसले. एक दाबलं, दिवे लागले. दोन दाबलं, गाडी निघाली. हळदीच्या वाळवणाजवळून वळण घेतलं, फाटकापाशी आली...

टक्.

लाल सिग्नल लागला. गाडी थांबली.

"तीन काहून दाबलं?" हे म्हणाले.

"मी नाही दाबलं."

परत टक्. सिग्नल विझला, गाडी चालू लागली. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. फाटकापाशी थांबायचं, दोन घास खाऊन होतील एवढा वेळ उभं राहायचं आणि मग निघायचं. यांनी ते पांढरे डबे बदलले, आकडे बदलले. शेजारच्यांचा मिक्सर वायरीत गडबड करत असेल म्हणून त्यांना मिक्सर बंद ठेवायला सांगून आले. गाडी थांबायची तिथंच थांबत राहिली.

मामा मात्र गप्प झाले होते. पुन्हा पहिल्यासारखे. फाटकाकडं एकटक बघत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली, दिवस मावळला आणि हळदीकुंकवाला बाया येऊ लागल्या. खोली गच्च भरली. अगरबत्तीचा धूर, केवड्याचा वास, पुरणाचा वास. गाडी फाटकापाशी थांबली की बाया टाळ्या पिटायच्या. त्यांना वाटायचं, आम्हीच थांबवतोय. मीही मग हसून घ्यायचे.

एवढ्यात लाईट गेली.

"आली का लोडशेडिंग!" कुणीतरी म्हणालं. समयांच्या उजेडात महालक्ष्म्यांचे मुखवटे तेवढे दिसत होते. पंखा घरघरत थांबला, गल्लीतला रेडिओ थांबला. आणि त्या शांततेत मला रुळांचा आवाज ऐकू आला.

खडक्-खडक्... खडक्-खडक्...

इन्व्हर्टर आमच्याकडं नव्हता. रिमोट माझ्या मांडीवर पालथा पडला होता. तरी गाडी चालत होती, अगदी सावकाश. हळदीचं वळण तिनं घेतलं. फाटकाचा लाल दिवा लागला. गाडी थांबली.

आता कुणी टाळी वाजवली नाही.  आणि वास... केवड्याचा नव्हता तो. पिकलेल्या सीताफळांचा होता. गोड, दाट. देवीपुढच्या फळांत सीताफळ नव्हतंच, ताट मीच लावलं होतं.

"अवं..." सासूबाईंनी माझा दंड धरला. "काढून टाका हे समदं. सणासुदीचं घरात काय आणून ठिवलं तुमी..."

अंधारातून मामा पुढं आले. देखाव्यापुढं उकिडवे बसले. एखाद्या माणसाशी बोलावं तसं फाटकाशी बोलले.

"नानीबाई... तुमी हायसा व्हय?"

टक्. सिग्नल विझला. गाडी दोन बोटं पुढं सरकली आणि बंद पडली. मग लाईट आली, पंखा फिरू लागला, बाया एकदम बोलू लागल्या. कुंकू लावून भराभरा निघूनही गेल्या.

सासूबाई देखावा मोडायला निघाल्या तर मामांनी त्यांचा हात धरला. त्या रात्री वर्षभराचं बोलणं त्यांनी एकदम बोलून टाकलं.

नानीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई. फाटकापाशी स्टेशन नाही, पण ती रोज तिथूनच गाडीत चढायची आणि हिंगोलीच्या बाजारात जायची. उन्हाळ्यात जांभळं, थंडीत बोरं, ह्या दिवसांत सीताफळं. ती चढेस्तोवर मामा सिग्नल द्यायचेच नाहीत. ड्रायव्हर ओरडला तर म्हणायचे, "गेट लागलं न्हाई बराबर." चढली की ती आतून दोन फळं त्यांच्याकडं फेकायची. "संतरामभाऊ, माज्याबिगर गाडी सोडायची न्हाई बरं!"

"आन् शेवटच्या दिवशी सोडली," मामा म्हणाले. "इंजिनाला हार घातल्याले, गाडीत सायेब लोक. मला ती बांधावरून पळत येतानी दिसली, डोक्यावर पाटी. पन माजं धाडस झालं न्हाई. सिग्नल दिला. गाडी गेली. ती फाटकाला धरून हुबी ऱ्हायली... मला एक सबुद बोलली न्हाई. फुडच्याच उन्हाळ्यात वारली. तिची ती पाटी मला रोज दिसती."

 मग डोळे पुसत सासूबाईच उठल्या. "आसं हाय व्हय? आवं, मंग बसवा की तिला गाडीत! बिचारी कालपासून हुबी हाय."

ते घाबरलेले चेहरे बघून मला एकदम हसू फुटलं. मग हेही हसले, आणि मामासुद्धा.

अंगणातली चिकणमाती मी आणली. मामांनी बोटाएवढी नानीबाई घडवली. घेरदार घागरा, हातभर बांगड्या, डोक्यावर पाटी आणि पाटीत मोहरीएवढी सीताफळं. पाटी डोक्यावरच थापून एकजीव केली, ओली होती तोवर. सासूबाईंनी घागऱ्याला कुंकू आणि हळद लावली. सकाळी माती वाळल्यावर मामांनी गाडी फाटकापाशी उभी केली, नानीबाईला उघड्या डब्यात ठेवलं आणि म्हणाले, "दाब, पोरी."

मी दोन दाबलं. गाडी निघाली. वळणं घेत हिंगोलीला गेली, परत आली, फाटकावरून सुसाट गेली. थांबली नाही. दिवसभर एकदाही थांबली नाही. आदल्या दिवशी पळालेल्या बाया पोराबाळांना घेऊन पुन्हा आल्या, आणि मामा सगळ्यांना ओरडून सांगत होते, "सरका, सरका, गाडी येऊन राहिली!" विसर्जनाला दहीभात त्यांनी स्वतः वाढला. तेव्हापासून ते जे बोलायला लागलेत, ते आजवर गप्प नाहीत. आत्ताही ओट्यावर कुणाचं तरी डोकं खात असतील.

संध्याकाळी मुखवटे उतरवून ठेवले आणि मी गाडी आवरायला गेले. डब्यात नानीबाई नव्हती.

भुशात शोधलं, रुळांखाली शोधलं. मग त्या टोकाला बघितलं तर ती हिंगोलीच्या फलाटावर बसलेली. उभी घडवलेली मातीची बाई, पाय पसरून बसली होती. घागऱ्यावरचं हळदकुंकू जसंच्या तसं, मातीला कुठं चीर नाही. पाटी डोक्यावरून उतरवून शेजारी ठेवलेली.

मी खाली वाकून पाटीत बघितलं. एकही सीताफळ उरलं नव्हतं.