पेन्सिलीतल्या पाहुण्या बाई

आपला वर्ग चुकलाय हे तिला कळलं, तेव्हा तास संपायला पाच मिनिटं उरली होती. फळ्यावर हृदयाचे चारही कप्पे काढून झाले होते. रक्त बिचारं फुप्फुसांपर्यंत जाऊन परतही आलं होतं. मग तिचं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. गुंडाळलेला नकाशा खांद्याला टेकवून एक गृहस्थ तिथं निवांत उभे होते.

"आपण...?"

"भूगोल. हा तास माझा."

वर्ग खिदळला. तिचे कान गरम झाले. "अहो, मग मला थांबवलं का नाही?"

"दोन कप्पे राहिले होते," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "मध्येच थांबवलं असतं, तर चाळीस मुलं अर्ध्या हृदयानं घरी गेली असती."

तर सुरुवात ही अशी. विज्ञानाच्या कायमच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी ही परगावाहून सहा महिन्यांसाठी आली होती. मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं – पाहुण्या बाई.

शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर शाळेचं वेळापत्रक होतं. ते करायचं काम भूगोलाच्या सरांकडे. सगळ्यांचे तास शाईनं लिहिलेले, तिचे तेवढे पेन्सिलीनं.

"हे काय? मी काय उद्या पळून जाणार आहे?"

"पाहुण्यांना पेन्सिलच. शाळेची रीत आहे. गेल्यावर खोडायला सोपं जातं."

"कोणाला सोपं जातं?"

 सर पेन्सिलीला टोक करू लागले. टोक आधीच होतं.

आता तिच्या धांदरटपणाचं काय सांगावं! हाडांचा सांगाडा जिन्यावरून नेताना त्याचा एक हात निसटला, तो घरंगळत थेट मोठ्या बाईंच्या पायाशी. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि त्या तशाही फारशा हसत नसत. पण कहर झाला एका शनिवारी. प्रयोगशाळेतला नळ उघडा टाकून ती घरी गेली. सोमवारी खालच्या खोलीत सरांचे एकूण एक नकाशे भिजून लगदा व्हायच्या बेतात होते.

तिचा चेहरा रडवेला झाला.

"रडू नका हो," सर म्हणाले. "पाणी आधीच पुष्कळ झालंय."

तीन दिवस व्हरांड्यात दोऱ्या बांधून खंडं वाळत घातली होती. नकाशांच्या ओल्या कापडी अस्तराचा वास तिच्या हातांना चिकटून राहिला. वाळलेला नकाशा गुंडाळायचा, तर तिनं एक टोक धरायचं आणि सरांनी दुसऱ्या टोकाकडून गुंडाळत यायचं. नकाशा संपला की दोघांमध्ये वीतभर अंतर उरे. ती खाली बघे, ते खिडकीकडे. असे एकोणीस नकाशे होते. वाळून महिना झाला, तरी मधल्या सुट्टीत ते पुन्हा पुन्हा उलगडले आणि गुंडाळले जात होते. शाळेचे शिपाईमामा हे सगळं बघत आणि मुकाट घंटा वाजवत.

मग आईचा फोन आला. "अगं, आपल्या इथल्या शाळेत जागा निघालीय. कायमची! शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आता विचार करत बसू नकोस."

तिनं सरांना सांगितलं. एकच शब्द हवा होता तिला – थांबा. तेवढा म्हटला असता, तर ती आईची बोलणी खायला तयार होती.

"छान झालं," सर म्हणाले. "कायमची म्हणजे... छानच."

"हो ना, छानच," ती म्हणाली आणि तणतणत वर गेली. शुक्रवारी तिनं होकार कळवून टाकला.

शेवटच्या दिवशी ती कपाटाच्या किल्ल्या सोपवत होती. शिपाईमामा म्हणाले, "बाई, सरांना काय झालंय हो? सकाळपासून नुसता सोमवार खोडतायत."

ती खाली धावली. स्टुलावर उभे राहून सर वेळापत्रकावर खोडरबर फिरवत होते. तिच्या ओळीतला सोमवार गेला होता, कागद फाटायला आला होता. मंगळवारपासून पुढचं सगळं जसंच्या तसं.

"सोपं जातं म्हणाला होतात ना?"

"चुकलं माझं," ते वळून न बघता म्हणाले.

"थांबा म्हणाला का नाहीत?"

"कुठल्या तोंडानं म्हणू? तुमची कायमची नोकरी... मी तुमचा कोण?"

"विचारलं असतंत, तर सांगितलं असतं कोण ते!"

सर स्टुलावरून उतरले. हातांना खोडरबराचा चुरा लागला होता. "मला तुम्ही हव्या आहात," ते म्हणाले. "तास घ्यायला नव्हे. रोजच्या."

तिच्या डोळ्यांना धार लागली. "आत्ता सांगताय? मी हो म्हणून बसलेय तिकडे!"

"बरोबरच केलंत." त्यांनी हातांवरचा चुरा झटकला. "तुमच्या त्या शाळेत... भूगोलाला पाहुणे सर घेतात का?"

"आणि तुमची इथली नोकरी?"

"बारा वर्षं शाईत आहे. पुष्कळ झालं."

तिनं रुमालानं नाक पुसलं. "विचारते. पण पाहुण्यांना पेन्सिलच हं. रीत म्हणजे रीत."

"चालेल."

"आणि जाताना..."

"जाणार कोण?"

तिनं त्यांच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.