यकृताचा डावा भाग

यादव गांगुर्डे आला होता मावशीच्या गुडघ्याची फिल्म न्यायला, आणि अर्ध्या तासात स्वतःच एमआरआयच्या बोगद्यात आडवा झाला होता. दोष तृप्तीचा. द्वारका चौकाजवळच्या त्या तपासणी केंद्रात ती भौतिकतज्ज्ञ होती, आणि २००८च्या त्या हिवाळ्यात तिला अभ्यासासाठी निरोगी माणसे हवी होती.

"मी विंचूरला वाइनच्या कारखान्यात केमिस्ट आहे," त्याने आधीच सांगून टाकले. "माझं यकृत निरोगी धरणार?"

"पिता?"

"चाखतो. मग थुंकतो."

आपण हसू आवरले, असा तृप्तीचा समज होता.

अभ्यासाचा प्रश्न साधा होता. यकृतात पाण्याचे कण किती मोकळेपणी हलतात, हे यंत्र मोजते. पण एकाच माणसाचा आकडा दर शनिवारी सारखा येतो का? मेंदू निमूट असतो, पोट मात्र श्वासाबरोबर वरखाली होते. आकडा भरवशाचा ठरला, तरच काही रुग्णांच्या यकृतात तपासणीची सुई खुपसणे टळणार होते.

बाकीच्यांचे आकडे जुळले. यादवच्या यकृताचा उजवा भागही जुळला. डावा मात्र कधी ठीक, कधी भलताच चढलेला.

"वगळ त्याला," तंत्रज्ञ ललिताताई म्हणाल्या. "एका माणसानं काय बिघडतं?"

गैरसोयीचा आकडा वगळणे तृप्तीच्या लेखी लबाडी होती. शिवाय वगळले, की तो शनिवारी येणार नव्हता. हे दुसरे कारण तिने पहिल्याच्या आड ठेवले.

मग तिने त्याच्या बोटाच्या चिमट्यातून येणारी नाडी पाहिली. श्वासाच्या सूचना द्यायला माइकवर ललिताताई असल्या की नाडी संथ. तृप्ती असली की धावत सुटलेली. यकृताचा डावा भाग हृदयाच्या अगदी खाली असतो. हृदयाचे धक्के त्याला बसतात, आणि यंत्र तो हादरा पाण्याच्या खाती मांडते.

ती बाहेर गेली. यादव बुटांच्या नाड्या बांधत होता.

"माझ्या सूचनेला तुमची नाडी वाढते. कारण?"

"हा प्रश्न अभ्यासाचा आहे, की…"

"अभ्यासाचा."

"मग ऐका. तुम्ही म्हणता, श्वास सोडून थांबा… आणि माझा तर आधीच थांबलेला असतो."

तृप्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "एका माणसावरून निष्कर्ष निघत नाही."

"मग दुसरा माणूस घ्या. तुम्ही झोपा, मी बोलतो."

तिने कानातले काढून ठेवले. बोगद्यात त्याचा आवाज आला, "श्वास घ्या… सोडा… आणि थांबा — तृप्ती."

नेहमीचे 'मॅडम' गळून पडले होते.

थोड्या वेळाने माइकवर ललिताताई आल्या. "अगं, तुझाही डावा भाग वर गेलाय!"

तृप्ती हसली, आणि त्या हसण्याने पुढची प्रतिमा बिघडली.

त्यानंतर सूचना ललिताताईंच्या ध्वनिमुद्रित आवाजात देण्याचे ठरले. सगळे आकडे जुळले, यादवचेही. अभ्यासाला त्याची गरज उरली नाही.

पुढच्या शनिवारी तो नेहमीच्या वेळी दारात उभा होता.

"तुमचं काम संपलंय," ती म्हणाली.

"माहीत आहे. माझं राहिलंय. मला तुम्ही आवडता — दर शनिवारी तितक्याच. तपासून पाहिलंय."

"आणि मधल्या वारांचं काय?" तृप्तीने विचारले, आणि पर्स उचलली.