दहा मिनिटं पुढे

वृषाली बिनमिठाची दुधीची भाजी परतत होती, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवरची घरपाटी, निरोप दाखवणारा पडदा, वाजली. पाटीवर अकरा पन्नास झाले होते, म्हणजे अकरा चाळीस. या घरात वेळ अशीच वाचायची. तिचा नवरा धनंजय कराडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होता. लोकांच्या गाड्या चुकताना पाहण्यात त्याची नोकरी सरली, आणि आपली कधी चुकू नये म्हणून घरातलं घड्याळ तो कायम दहा मिनिटं पुढे ठेवी. सासरी आल्यावर वृषालीने त्याची खूप चेष्टा केली होती. पुढे तिलाही सवय झाली.

तिने गॅस बारीक केला आणि पाटीकडे पाहिलं. पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राचं पान उघडलं होतं. ‘आपल्या रुग्णासाठी यकृत उपलब्ध आहे. वीस मिनिटांत संमती द्या.’

वर्षभर याच वाक्याची वाट पाहिली होती. पण वाक्याभोवती लाल चौकट होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘या पानाचा सुरक्षा-दाखला शिळा आहे. विश्वास ठेवू नये.’

पुंजसंगणक, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर, आल्यापासून दाखल्यांचं आयुष्यच आखूड झालं होतं. कुठल्याही कुलपाची किल्ली ते यंत्र पाव तासात हुडकून काढी. म्हणून जिवाशी गाठ असलेल्या कामांना जेमतेम पाच मिनिटं टिकणारा दाखला देत. तो संपला की नवा. वाणसामान, वीजबिल, साधे निरोप यांना मात्र दिवसभराचा दाखला पुरे. फुटलेल्या किल्लीचा शिळा दाखला घेऊन येतो तो चोर, हे वॉर्डातल्या सुरक्षा-वर्गात सगळ्यांनी घोकलं होतं. ताजं-शिळं ठरवायची ती घरपाटी, आपल्या पोटातल्या घड्याळावरून. उपग्रहाकडून येणारी वेळही चोर बदलतात हे उघडकीला आल्यावर ते घड्याळ घरच्याच माणसाच्या हाती दिलं होतं. लावायचं त्यानेच, बाहेरून कुणाला हात लावता येत नसे.

वृषालीला समोरच्या घरातले पोळकाका आठवले. त्यांनाही असंच पान आलं होतं. काकूंनी आनंदाच्या भरात लाल चौकट पाहिलीच नाही, संमतीवर बोट ठेवलं, आणि त्या संमतीच्या जोरावर काकांची रांगेतली जागा कुणीतरी स्वतःच्या नावावर करून घेतली. काका पुढे महिनाभरही जगले नाहीत. काकू अजून ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसतात.

तिने केंद्राला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, “फोनवरच्या कोणत्याही आवाजावर, या आवाजावरही, विश्वास ठेवू नका. पानावरचा दाखला तपासा.” पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिला त्या गोडव्याची चीड आली.

धनंजय आतल्या खोलीत पडून होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट तट्ट फुगलेलं. उघड्या दारातून त्याला पाटीचा वरचा कोपरा, वेळेचे आकडे तेवढे दिसत. दिवसभर तो तेच बघत राही.

“अहो, पुण्याचं पान आलंय. पण लाल आहे,” ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडले. “तुला काय वाटतं?”

“मला काहीच कळत नाहीये हो. खरं असेल तर...”

“खरं असतं तर लाल कशाला आलं असतं?” तो धापा टाकत म्हणाला. “पोळांचं पाहिलंस ना? घाई करू नकोस. आपली जागा आहे रांगेत. ती तरी राहू दे.”

ती परत पाटीसमोर येऊन उभी राहिली. दाखला मधूनमधून बदलत होता. दर वेळी नवा येई, आणि दर वेळी पाटी त्याला शिळा ठरवी. चोरच आहे, सारखा प्रयत्न करतोय, असं तिने स्वतःला समजावलं. एकदा बोट संमतीपर्यंत गेलंही, पण टेकलं नाही. मग तिने मन घट्ट केलं आणि ‘परत फिरा’वर बोट ठेवलं. आपण शहाण्यासारखं वागलो, असंच तिला तेव्हा वाटलं.

भाजी खाली लागली होती. ती खरवडत असताना पाटी पुन्हा वाजली. या वेळी चौकट हिरवी होती. साधा निरोप, दिवसभराचा दाखला, शंकेला जागाच नाही. ‘विहित वेळेत संमती न मिळाल्याने यकृत पुढील रुग्णास देण्यात आले आहे. आपला क्रमांक नियमानुसार रांगेच्या शेवटी गेला आहे. पाठवल्याची वेळ: बारा वाजून दोन मिनिटे.’

तिने सवयीने वर पाहिलं. बारा बारा. सवयीनेच दहा वजा केले. बारा दोन.

वजाबाकी झाली आणि तिच्या हातातलं उलथनं तिथेच थांबलं.

घरातली सगळी माणसं दहा मिनिटं वजा करून वाचत आली होती. पाटीला वजाबाकी कुणी शिकवलीच नव्हती. आत्ताच जन्मलेला, खणखणीत खरा दाखला तिच्या घड्याळाने दर वेळी मेलेला ठरवला होता. आणि पाटी बसवली त्या दिवशी ते घड्याळ पुढे कुणी केलं होतं, हेही तिला लख्ख आठवलं. स्टुलावर चढून, स्वतःवरच खूश होऊन त्याने केलं होतं.

तिला ओरडावंसं वाटलं. ओरडली नाही, कारण दार उघडं होतं. तिने पाटीच्या बाजूची खाच दाबली आणि घड्याळ दहा मिनिटं मागे आणलं. रांगेच्या शेवटी म्हणजे कधी, हे डॉक्टरांनी न बोलताच सांगून ठेवलं होतं. तरीही कुणी सांगावं, कदाचित पुन्हा बोलावणं येईल.

“अगं,” आतून त्याचा आवाज आला, “घड्याळ मागे पडलंय का? आत्ता तर बारा बारा होते.”

तिने उघड्या दाराकडे पाहिलं.

“पुढे करून ठेव. खरं बोलावणं येईल तेव्हा उशीर नको व्हायला.”

पुढे केलं, तर येणारं प्रत्येक बोलावणं पुन्हा लाल होणार होतं. नाही केलं, तर का नाही, ते त्याच्या पिवळ्या डोळ्यांत बघून सांगावं लागणार होतं. तिचं बोट खाचेवरच राहिलं.

“केलंस का?” त्याने विचारलं.