परतीचं वजन

ओराझगालीने दोन उंटिणी विकून नवी होडी घेतली, तेव्हा त्याच्या बायकोने, कुल्याशने, एवढंच विचारलं होतं, "म्हाताऱ्या, ही दूध देते का?" आता त्याला वाटायला लागलं होतं की दुधाचं राहू दे, पण निदान नीट चालावी तरी.

होडी दिसायला देखणी होती. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, पाच मीटर लांब, मागे चाळीस अश्वशक्तीचं कोरं इंजिन. सकाळी गावासमोरच्या खाडीतून निघाली की नाक उचलून वर यायची आणि पाण्याला जेमतेम टेकत पळायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला छप्पन्नशेवर स्थिर. अरल समुद्राचं आटलेलं पाणी माघारी आल्यापासून मासेही आले होते, आणि ओराझगालीची जाळी दूर, जुन्या कोरड्या तळावर आता चार पुरुष पाणी चढलं होतं तिथे, पसरलेली असायची. तिथवर जाताना मजा यायची.

परत येताना तीच होडी चिखलात बसलेल्या उंटासारखी व्हायची. मागचा भाग खाली, नाक आभाळाकडे, इंजिनाचं नुसतं कण्हणं. पूर्ण जोर दिला तरी काटा बेचाळीसशेच्या पुढे हलायचा नाही. मासे भरले म्हणावेत तर दोन टोपल्या. तेवढं वजन तर त्याचा जावई एकटा खात असेल.

"उंट बरा होता," किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेला शेजारी स्मागुल म्हणायचा. "निदान घराकडे वळला की जोरात तरी यायचा. तुझी होडी सासरी जाणाऱ्या पोरीसारखी मागे बघत येते."

ओराझगालीने प्लग बदलले. तेलाची गाळणी धुतली. नळीत हवा जाते का पाहिलं. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, नवं इंजिन आहे, अंगात यायला वेळ लागतो. "जाताना अंगात येतं आणि येताना उतरतं काय रे?" ओराझगाली ओरडला. पलीकडून फोन ठेवला गेला.

शेवटी त्याने अराल्स्कहून गेनाला बोलावलं. गेना रशियन, चाळिशीचा, इंजिनं दुरुस्त करणारा, आणि कझाक अशी बोलायचा की डोळे मिटून ऐकलं तर गावातलाच कुणी वाटावा. गाडीतून त्याने गोणपाटात गुंडाळलेले होडीचे पंखे काढले.

"ओराझ-आगा, दोष इंजिनाचा नाही, पंख्याचा आहे," त्याने चहाचा पहिला वाडगा संपायच्या आतच सांगून टाकलं. "एका फेऱ्यात पंखा पाणी कापत किती पुढे सरकतो, ते बघायचं. तुमचा तेरा इंच सरकतो. ओझं असेल तर इतकी लांब उडी इंजिनाला झेपत नाही. अकराचा लावू."

"पण ओझं नाहीच आहे!"

"मग काय आहे?"

"ते सांगायलाच तर तुला बोलावलंय ना!"

दोघे अकराचा पंखा लावून निघाले. जाताना इंजिन किंचाळायला लागलं. काटा सहा हजारांच्या वर गेला आणि गेनाने घाईने जोर कमी केला. "हलकी आहे की," तो म्हणाला. "फारच हलकी. हिला तेराचाच हवा."

जाळ्यांपाशी इंजिन बंद केलं. वारा नव्हता. दोघांनी जाळी ओढली, मासे सोडवले. गेना सिगारेट पेटवून बाहेर वाकला आणि तसाच थांबला.

"आगा, निघताना पाणी या पट्ट्यापर्यंत होतं ना?"

होडीच्या अंगावर निळा पट्टा होता. निघताना तो पाण्याच्या वर बोटभर होता. आता पट्टा पाण्याखाली गेला होता, आणि त्याच्याही वर चार बोटं पाणी होतं. गेनाने तळाच्या फळ्या उचलल्या. खाली कोरडं ठणठणीत. त्याने हात फिरवून पाहिला, मग हाताला लागलेली धूळ पाहिली. बारीक, पांढरी, खारट धूळ.

"नव्या होडीत धूळ कुठून?" तो म्हणाला.

"धुळीचं सोड. पंख्याचं बोल."

परत येताना अकराच्या पंख्यावरही काटा अठ्ठेचाळीसशेला अडकला. वाटेत गेनाने एकदा जागा बदलली. मधल्या फळीवरून उठून तो ओराझगालीच्या शेजारी येऊन चिकटून बसला. "दाटी वाटते तिथे," म्हणाला, आणि स्वतःच ओशाळून हसला.

किनाऱ्यावर त्यांनी होडी ओढून घेतली, बूच काढलं. एक थेंब निघाला नाही. होडी गाडीवर चढवून मासळी केंद्रातल्या वजनकाट्यावर नेली. कागदावर लिहिलं होतं तितकंच वजन भरलं, किलोभरही इकडे तिकडे नाही.

"चार पात्यांचा पंखा आणतो," गेना जाताना म्हणाला. "त्याची पकड जास्त. तोवर तुमचा मूळचाच राहू दे." गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली. "जाळी दुसरीकडे टाकून बघा की."

"मासे तिथे आहेत!"

कुल्याश उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. रात्री तिने अचानक विचारलं, "जाळी नक्की कुठे टाकतोस?"

त्याने सांगितलं. समोरची टेकडी, डावीकडचा खडक, त्यांच्या मध्ये.

"तिथे ट्रकचा थांबा होता," ती म्हणाली. "पाणी आटलं होतं तेव्हा. तुम्ही लोक तेव्हा रेल्वेत कामाला होतात, तुला नाही माहीत. एक खांब होता नुसता. बायका गाठोडी घेऊन, पोरं घेऊन बसायच्या. ट्रक कधी यायचा, कधी यायचाच नाही."

"मग? खांब माझ्या होडीला लटकतो की काय?"

तिने दिवा नेहमीपेक्षा उशिरा मालवला.

त्याच आठवड्यात स्मागुलचा पाय मुरगळला, आणि वादळ येतंय असं रेडिओवर सांगितलं. जाळी काढली नाहीत तर हातची जातील. स्मागुल मदतीला येऊ शकत नव्हता, म्हणून कुल्याश निघाली. तिने कधी होडीत पाय टाकला नव्हता. नाकाकडच्या फळीवर ती त्याच्याकडे तोंड करून बसली, डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधून.

जाताना होडी पळाली. जाळी निघाली, मासेही बऱ्यापैकी मिळाले. पण पश्चिमेकडचं आभाळ तपकिरी झालं होतं, मिठाची वावटळ उठल्यासारखं, आणि लाटांच्या माथ्यांवर पांढरं दिसायला लागलं होतं.

ओराझगालीने इंजिनाला पूर्ण जोर दिला.

बेचाळीसशे.

होडी उठेना. लाट मागून येऊन आत पडली. कुल्याश डब्याने पाणी उपसायला लागली. पुन्हा लाट. निळा पट्टा कुठे दिसतच नव्हता, पाणी काठापासून वीतभर खाली होतं. त्याने माशांच्या टोपल्या उचलून फेकल्या. ओली जाळी फेकली, त्याच जाळ्यांसाठी आला होता तरी. काटा जागचा हलला नाही.

आणि त्याचा राग अनावर झाला. महिनाभराचा राग. विकणाऱ्यावरचा, गेनावरचा, स्मागुलच्या टोमण्यांवरचा. तो उभा राहिला आणि मोकळ्या होडीकडे बघत, ट्रकवर खच्चून भरलेल्या लोकांना ड्रायव्हर ओरडतो तसा ओरडला.

"उतरा! सगळे उतरा खाली! घरात माझी माणसं आहेत, मला पोचायचंय! उतरा म्हणतो ना!"

लाट आदळली.

कुल्याशने पाणी उपसणं थांबवलं. तिने गुडघे एका बाजूला वळवले, घागरा आवरून घेतला. गर्दीत वाट देताना आवरतात तसा.

चव्वेचाळीसशे.

होडी किंचित डावीकडे कलली, सरळ झाली. पुन्हा कलली.

सत्तेचाळीसशे.

पाच हजार.

कुल्याश त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या आणि तिच्या मधल्या जागेत कुणाच्या तरी तोंडाकडे बघत होती. तिने मान हलवली, नाही म्हणावं तशी. मग हो म्हणावं तशी. मग दोन्ही हात पुढे केले, आणि हळूच मांडीवर आणून ठेवले.

चौपन्नशे. होडीने नाक खाली घेतलं, पाण्यावर आली आणि पळत सुटली.

खाडीत शिरल्यावर वारा टेकडीआड अडला. किनाऱ्यावर गेना चार पात्यांचा पंखा काखेत धरून उभा होता. स्मागुल काठीवर टेकून त्याला काहीतरी हसून सांगत होता.

"चालली!" ओराझगाली लांबूनच ओरडला. त्याला हसू येत होतं. "थोडा कमी आहे काटा, पण चालली!"

कुल्याश पाण्यातच उतरली आणि किनाऱ्याकडे निघाली. गेनाने पंखा वाळूत ठेवला, होडीत चढला आणि खाडीतल्या खाडीत एक जोरदार फेरी मारून आला. येताना तो हात उंचावून ओरडत होता.

"छप्पन्नशे, आगा! पुरते छप्पन्नशे! पंख्याला हात लावू नका, हाच बरोबर आहे!"

"ऐकलंस का?" ओराझगाली बायकोला सांगायला वळला.

ती चढण चढून घराकडे बरीच पुढे गेली होती. एक हात मोकळा, दुसरा कोपरात वाकवून अंगाशी धरलेला, कंबर एका बाजूला काढून ती सावकाश चालली होती. मध्येच थांबली, आणि मूल कडेवरून घसरायला लागलं की बायका देतात तसा एक हलकासा हिसका देऊन, पुन्हा चालू लागली.